तिकिटावर साडेपाच तास

जानेवारीतली संध्याकाळ, पाच वाजलेत, नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका बिल्डिंगखाली गाडी उभीये आणि वर मावशी तिसऱ्यांदा बॅग काट्यावर चढवतेय, 23 किलोच्या वर गेली की चिवडा काढायचा का मेतकूट यावरून घरात वाद. मावशी चाललीय लेकीकडे, न्यू जर्सीला.

आता तिचं तिकीट बघा. मुंबईहून रात्री 1 ला सुटणार, न्यूअर्कला, म्हणजे लेकीकडच्या विमानतळावर, सकाळी 6:30 ला उतरणार, तारीख तीच! काकांनी तर शेजारी सांगूनही टाकलं, साडेपाच तासात अमेरिका. पण तिकिटावरची वेळ ज्या-त्या गावची असते. हिवाळ्यात तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे, उन्हाळ्यात ते लोक घड्याळ तासभर पुढे सरकवतात म्हणून साडेनऊ. साडेपाचात साडेदहा मिळवा, झाले की 16 तास. परतीला उलटी गंमत, तिकडून सकाळी 11 ला निघा, मुंबईत दुसऱ्या दिवशी दुपारी 12 ला, कागदावर 25 तास दिसतात, बसायचं मात्र साडेचौदाच.

मग जाता-येता दीड तासाचा फरक कशाचा? वाऱ्याचा. 10-12 किलोमीटर उंचीवर जेट स्ट्रीम म्हणून जोरदार वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, येताना तो पाठीशी, जाताना तोंडावर. आमचा भाचा विचारतो, पृथ्वी खाली फिरतेच आहे तर विमान नुसतं वर थांबलं तर? अरे बाबा, हवापण पृथ्वीबरोबरच फिरते ना.

अंतर साधारण 12,500 किलोमीटर. नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ अरबस्तान, आफ्रिका करत सरळ अटलांटिकवरून जाते, पण तो लांबचा रस्ता. एक कलिंगड घ्या, एका बाजूला मुंबई, जवळजवळ पलीकडे न्यूअर्क, आणि दोरा ताणून धरा, दोरा आपोआप वर देठाकडे सरकतो. म्हणून सीटसमोरच्या स्क्रीनवर विमान पार उत्तरेकडून, युरोपच्या डोक्यावरून वळसा घालताना दिसतं, तो वळसा नसतोच, तोच शॉर्टकट. अर्थात दोऱ्याला देशांच्या हद्दी माहीत नसतात. एप्रिल 2025 पासून पाकिस्तानची हवाई हद्द आपल्या विमान कंपन्यांना बंद, त्यामुळे त्यांची विमानं खालून फिरून जातात, वेळ वाढतो, विमानाचं इंधनही जास्त जळतं.

आणि नाशिककरांचा प्रवास काही मुंबईत सुरू होत नाही हो. आपल्या ओझरला मिग बनली, सुखोई बनली, पण अमेरिकेला जायचं तर कसारा घाट उतरावाच लागतो! विमान ताशी 900 ने उडतं, त्याला नाशिक-मुंबईचे 170 किलोमीटर म्हणजे अकरा-बारा मिनिटं. आमच्या गाडीला साडेचार तास लागले, त्यातला अर्धा पाऊण तास नुसता भिवंडीच्या आसपास, पुढे एअरपोर्टवर तीन तास आधी हजर.

न्यूअर्कला चाकं टेकली तेव्हा बाहेर अजून अंधार होता, पायलटने सकाळचे साडेसहा सांगितले. मावशीने मनगटावरचं घड्याळ बदललंच नव्हतं, त्यात वाजले होते पाच.