कॅप बाकी

दृश्य : नौपाडा, सकाळचे पावणेदहा. अर्धं वर गेलेलं शटर. पायरीवर बसलेले एक आजोबा, मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत रिपोर्ट.

ठाणे स्टेशनला पश्चिमेकडे उतरा, गोखले रोड धरा आणि कुठल्याही आतल्या गल्लीत वळा. दोन-तीन इमारतींआड एक दवाखाना सापडतोच. तळमजला, बाहेर चपलांची रास, दारावर वेळेची पाटी आणि ती पाटी कधीच न वाचणारे पेशंट. आपण बसणार आहोत तो दवाखाना नवरा-बायकोचा आहे. मॅडम स्त्रीरोगतज्ज्ञ, सर दातांचे डॉक्टर. केबिन दोन, काउंटर एक. काउंटरमागे ताई. नाव घ्यायचं नाही आणि चेहरा दाखवायचा नाही, या अटीवर त्यांनी आम्हाला स्टुलावर बसू दिलंय. बघायचं एवढंच, की पेशंटला आठवण करणारे मेसेज कुणाला, कधी आणि कसे जातात.

दृश्य : लोखंडी कपाट. केसपेपरचे गठ्ठे. एका कोपऱ्यावर मळलेली हिरवी टिकली.

कॉम्प्युटर येण्याआधी इथे टिकल्या होत्या. कपाळाला लावतात त्याच, जांभळी नाक्यावरून आणलेलं पाकीट. गरोदर बाईच्या केसपेपरवर लाल. दाताचं काम अर्धवट राहिलं असेल तर हिरवी. औषधाची ॲलर्जी असेल तर काळी, आणि ती कायमची. महिन्यातून एकदा ताई गठ्ठे उपसायच्या, टिकल्या बघून फोन लावायच्या. काम झालं की टिकली काढायची.

"काढायची नाही हो, उतरवायची," ताई लगेच आमची चूक सुधारतात. "टिकली काढली असं म्हणत नाही आम्ही."

आता कॉम्प्युटरमध्ये टॅग आहे, आणि टॅग म्हणजे हीच टिकली. पेशंटच्या नोंदीला चिकटवलेला दोन शब्दांचा शेरा. फरक एवढाच, की टिकली बघून फोन ताई करायच्या आणि टॅग बघून मेसेज मशीन पाठवतं.

दृश्य : सरांच्या खुर्चीवरचा दिवा. ट्रेमधली धातूची कॅप, नखाएवढी.

सरांचं जुनं गाऱ्हाणं आहे. रूट कॅनल झालं, ठणका थांबला, की पेशंट गायब. दुखत नाही म्हणजे दात बरा झाला, असाच आपला सगळ्यांचा हिशेब असतो. पण रूट कॅनलचा दात आधीच कीड आणि कोरकाम यांनी पोखरलेला असतो, आणि दाढ असेल तर चावण्याचा सगळा भार तिच्यावर. कॅप न घालता दिवस काढले, तर एखाद्या दिवशी सुपारीच्या खांडाने ती उभी चिरते. मुळापर्यंत चीर गेली तर दाढ काढावीच लागते. रूट कॅनलचे पैसे पाण्यात.

म्हणून या दवाखान्यातला पहिला टॅग होता 'कॅप बाकी'. त्याच्या मागचा नियम साधा आहे. टॅग लागलेला आहे, शेवटच्या भेटीला पंधरा दिवस उलटलेत, आणि पुढची अपॉइंटमेंट पडलेली नाही. तिन्ही गोष्टी जुळल्या तरच मेसेज जातो. अपॉइंटमेंट पडली की मेसेज बंद, कॅप बसली की टॅग उतरतो.

पहिल्या महिन्यात तरीही निम्म्या लोकांना काहीच गेलं नाही. कारण स्क्रीनवर बघा. सर लिहायचे 'कॅप बाकी'. त्यांचा असिस्टंट लिहायचा 'कॅप पेंडिंग'. आणि घाईच्या संध्याकाळी कुणीतरी नुसतं 'कॅप'. माणूस तिन्ही वाचून एकच समजतो. मशीनला ते तीन वेगळे टॅग. ताईंनी एका रविवारी बसून सगळे एक केले आणि आता नवा टॅग बनवायचा अधिकार फक्त त्यांच्याकडे आहे. सरसुद्धा विचारून बनवतात. हे सांगताना ताईंनी चष्मा वर सरकवला, ते कॅमेऱ्यात नाही.

दृश्य : जुना मोबाइल. एसएमएसचा इनबॉक्स.

मेसेज मराठीत का येत नव्हते, त्याची गंमत ऐका. एका एसएमएसमध्ये इंग्रजी १६० अक्षरं मावतात, देवनागरी फक्त ७०. आणि हे ७० सुद्धा आपल्या मोजणीचे नव्हेत. 'क्लिनिक' आपण तीन अक्षरं म्हणतो. मशीन सात मोजतं : क, हलन्त, ल, वेलांटी, न, वेलांटी, क. प्रत्येक काना-मात्रेचं वेगळं भाडं. नमस्कार, नाव आणि वेळ लिहीपर्यंत दुसऱ्या एसएमएसचे पैसे लागू. म्हणून दवाखाने इंग्रजी मेसेज पाठवायचे आणि आज्या ते नातवाकडून वाचून घ्यायच्या. व्हॉट्सॲपने ती अडचण सोडवली. मात्र तिथेही मेसेजचा नमुना आधी मंजूर करून घ्यावा लागतो, आणि दर ठरतो मेसेजच्या प्रकारावरून. 'उद्या ११ वाजता अपॉइंटमेंट आहे' ही सेवा. त्याच्याखाली 'दात साफ करण्यावर सूट' एवढी एक ओळ टाकली की ती जाहिरात, आणि जाहिरातीचा दर कितीतरी पट जास्त. एसएमएसमध्येही आता पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी अक्षर दिसतं, जाहिरात असेल तर पी, सेवा असेल तर एस. आपल्या फोनमध्ये बघा, सापडेल.

जाहिरातीवरून इथे एकदा वाजलं होतं. सॉफ्टवेअरवाल्याचा माणूस आला, त्याने स्क्रीनवर दाखवलं : मॅडम, मागच्या दोन वर्षांत बाळंत झालेल्या सगळ्या एका क्लिकमध्ये निवडता येतील, त्यांना पोट कमी करण्याच्या ट्रीटमेंटची ऑफर पाठवू. घोडबंदर रोडवर सगळे हेच करतात म्हणे. मॅडमनी त्याला चहा दिला आणि वाटेला लावलं. डॉक्टरांच्या व्यावसायिक वर्तनाचे २००२ चे नियम आहेत. त्यात पेशंट ओढण्यासाठी जाहिरात करणं अनैतिक मानलंय. दवाखाना सुरू केला, पत्ता बदलला, रजेवर जाऊन परत आले, अशा मोजक्या गोष्टी जाहीर करता येतात. 'आम्ही नव्या जागेत गेलो' हा मेसेज त्यात बसतो. बाळंतिणीला तिच्या पोटाची आठवण करून देणारा बसत नाही. आणि नियम नसता तरी, मॅडम म्हणाल्या, "तिने मला ते बाळंतपणासाठी सांगितलं होतं."

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा जवळपास हेच सांगतो : ज्या कामासाठी संमती घेतली, त्याच कामासाठी माहिती वापरा, आणि संमती मागे घेणं देण्याइतकंच सोपं ठेवा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. इथल्या केसपेपरवर आता तळाशी दोन चौकोन आहेत. एक तपासणीची आठवण करण्यासाठी, दुसरा शिबिरं आणि सवलती कळवण्यासाठी. बहुतेक जण पहिल्यावरच खूण करतात.

दृश्य : मॅडमची केबिन. रिकामी. भिंतीवर गर्भाच्या वाढीचा तक्ता.

आता जी गोष्ट सांगतो, ती सांगायला मॅडमनी परवानगी दिली, पण स्वतः सांगितली नाही.

गरोदर बाईला इथे 'एएनसी', म्हणजे बाळंतपणाआधीची तपासणी, हा टॅग लागतो आणि शेवटच्या पाळीची तारीख भरली जाते. पुढचं सगळं त्या तारखेवरून. अठरा ते वीस आठवड्यांना बाळाचे अवयव बघण्याची सोनोग्राफी, चोवीस ते अठ्ठावीसमध्ये साखरेची तपासणी, २८० दिवसांनी प्रसूतीची अपेक्षित तारीख. मशीन मोजत राहतं.

एका मुलीचा गर्भ अकराव्या आठवड्यात गेला. माहेरी होती, तिकडेच ॲडमिट झाली. नवऱ्याने फोन करून कळवलं. मॅडमनी केसपेपरवर लिहिलं, तारीख घातली, सही केली. कागद कपाटात गेला. टॅग मात्र कॉम्प्युटरमध्ये होता. आठेक आठवड्यांनी तिच्या मोबाइलवर मेसेज : 'अभिनंदन, तुम्हाला एकोणिसावा आठवडा लागला. सोनोग्राफीची वेळ घ्या.' शेजारी बाळाचं चित्र.

तिने उलट काही लिहिलं नाही. नवरा दवाखान्यात आला, काउंटरपाशी उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, तेवढं ते बंद करा."

टिकल्यांच्या दिवसांत हे बहुधा घडलं नसतं. फोन लावायला केसपेपर हातात घ्यावा लागायचा, आणि हातात घेतला की मॅडमचं अक्षर दिसायचं.

त्यानंतर नियम उलटे लिहिले गेले. दातांच्या बाजूला पेशंट आला नाही तर मेसेज जातो. मॅडमच्या बाजूला पेशंट आली नाही तर मेसेज थांबतो. अठ्ठाविसाव्या आठवड्यापर्यंत महिन्याला एक भेट असते. पाच आठवडे ती पडली नाही, तर 'एएनसी' टॅग आपोआप झोपतो आणि ताईंच्या यादीत एक नाव येतं. त्या फोन करतात. आधी विचारतात, "कशी आहेस?" अभिनंदन आणि चित्र दोन्ही काढून टाकलंय. गर्भपातासाठी तर टॅगच नाही. ज्या बाईचा कायदेशीर गर्भपात झाला, तिचं नाव उघड केलं तर कायद्यात एक वर्षापर्यंत कैद आहे, आणि इथे काउंटरचा स्क्रीन बाकावरून दिसतो. कुठल्याच मेसेजमध्ये कारण लिहीत नाहीत. नुसतं 'फेरतपासणी'. दिलेला नंबर नवऱ्याचा असतो, कधी सासूचा, कधी घरात एकच फोन.

दृश्य : काउंटर. सव्वादहा. ताईंचा हात माऊसवर.

रोज मेसेज सुटण्याआधी ताईंसमोर 'आज जाणारे' अशी यादी येते. कंपनीने ती पायरी काढून टाकायला सांगितली होती, वेळ वाचतो म्हणून. ताईंनी ठेवली. बोट एकेका नावावरून खाली येतं. एका नावावर थांबतं. फेरतपासणी, वय ७४, फाइल जुनी.

"हे काका दिवाळीत गेले," त्या म्हणतात. खूण काढतात. मग आणखी आत जाऊन फाइल बंद करतात, म्हणजे वाढदिवसालाही काही जायला नको.

पुढचं नाव. 'कॅप बाकी', तीन मेसेज गेलेत, उत्तर नाही. ताई यादी तशीच ठेवून फोन उचलतात आणि स्पीकर लावतात.

"काकू, दवाखान्यातून बोलतेय. दाढेची कॅप बसवायची राहिलीय ना?"

पलीकडे कुकरची शिट्टी होते.

"अगं, पण आता दुखत नाही."