संडासाची किल्ली कुणाकडे?

नमस्कार श्रोतेहो. सकाळची वेळ आहे, चहाचा कप हातात असेल, आणि मी बोलणार आहे संडासाबद्दल. तरी रेडिओ बंद करू नका. ज्या बायांची ही गोष्ट आहे, त्यांचा सकाळचा चहा रोज रांगेपायीच राहून जातो.

जून २००१ मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघाच्या मुख्यालयात शहरांच्या प्रश्नांवर मोठी बैठक भरली होती. जगभरचे मंत्री, राजदूत जमलेले. त्या इमारतीच्या दर्शनी दालनात आपल्याकडच्या वस्त्यांमधल्या बायकांनी आणि त्यांच्या साथीदारांनी नमुन्याचं एक घर उभं केलं होतं, आणि सोबत लहान मुलांचा संडास. सरचिटणीस कोफी अन्नान तो बघायला आले, बायकांनी त्यांच्याभोवती गाणी म्हटली, फेर धरला. एवढ्या मोठ्या ठिकाणी मिरवायला नेलं काय, तर पोरांचा संडास! मला याचं भारी कौतुक आहे. कारण तो नमुना रांगेत उभं राहून राहून सुचलेला होता.

रांग कशी असते ते सांगते. सरकारी पद्धतीचा जुना संडास म्हणजे समोरासमोर दारं, पुरुषांची आणि बायकांची ये-जा एकाच वाटेनं. आत पाणी नाही, घरून डबा भरून न्यायचा. पहाटेपासून माणसं उभी. कामावर निघालेला गडी मध्ये घुसतो, बाई मागे सरकते. लहान मुलाला तर कुणी हिशेबातच धरत नाही. मोठ्यांच्या मापाच्या भांड्यावर चार वर्षांच्या पोराचे पाय पुरत नाहीत, आत अंधार, खाली भलंमोठं भोक, पडायची भीती. मग आई त्याला बाहेर गटाराच्या कडेला बसवते. येणारेजाणारे नाक मुरडतात आणि शिव्या त्या आईला बसतात.

मुंबईत १९८४ मध्ये स्पार्क नावाची संस्था सुरू झाली, ती भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांबरोबर काम करता करता. त्याच बायकांमधून पुढे महिला मिलन उभं राहिलं. जोकिन अर्पुथम यांची झोपडपट्टीवासीयांची राष्ट्रीय संघटना त्यांना येऊन मिळाली. जोकिन यांना २००० साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ही मंडळी चक्क संडास मेळे भरवत. संडासाचे नमुने मांडायचे, वस्तीतल्या लोकांना बोलवायचं, साहेबांनाही बोलवायचं, आणि सगळ्यांसमोर उघड चर्चा करायची की दार कुठे हवं, पाणी कुठे हवं, पोरांनी कुठे बसायचं. ज्या गोष्टीची लाज वाटते तिचीच जत्रा भरवायची, ही युक्ती ज्या कुणाला सुचली तिला माझा दंडवत.

आता पुण्याकडे येऊ. पुण्यातल्या कितीतरी वस्त्या ७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून आलेल्या लोकांनी वसवल्या. पर्वतीच्या उतारावर, कालव्याच्या कडेला, जिथे जागा मिळाली तिथे. घरं पत्र्याची होती ती विटांची झाली, वीज आली, टीव्ही आला. संडास मात्र येता येईना. १९९२ ते १९९९ या काळात महापालिकेच्या हातून जेमतेम २२ सार्वजनिक संडास बांधून झाले. मग १९९९ मध्ये आयुक्त रत्नाकर गायकवाड यांनी ठरवलं की हे काम ठेकेदारांऐवजी स्वयंसेवी संस्थांना द्यायचं. बांधकामाचा खर्च, पाणी आणि वीज पालिकेची. आराखडा, बांधणी आणि पुढची देखभाल संस्थेची आणि वस्तीची. दर आठवड्याला आढावा बैठक. दोन वर्षांत ४०० हून अधिक संडास उभे राहिले, दहा हजारांहून जास्त सीट. त्यातले ११४ एकट्या स्पार्क आणि महिला मिलनच्या मंडळींनी केले. जिनं कधी शाळेची पायरी चढली नाही अशा बाईनं सिमेंटच्या गोण्या मोजून घ्यायच्या आणि मिस्त्रीशी भावावरून भांडायचं, हे पुण्यात घडलेलं आहे.

त्या संडासांत काय वेगळं होतं? पुरुषांचं आणि बायकांचं दार पूर्ण वेगळ्या बाजूला, म्हणजे घुसाघुशी बंद. दारं दोन्हीकडे उघडणारी, कारण एका हातात बादली आणि कडेवर मूल असताना दार ओढायला तिसरा हात कुठून आणणार? पाण्याची मोठी टाकी तिथेच. मुलांसाठी वेगळी जागा, छोटी भांडी, धरायला कडी. आणि देखभाल करणाऱ्या कुटुंबाला राहायला वर किंवा बाजूला एक खोली. पगार थोडा, पण पुण्यात डोक्यावर छप्पर. पैशांचा हिशेब असा, की स्टेशनवरच्या पे अँड यूजला तेव्हा माणशी एक रुपया पडे. पाच माणसांचं घर दिवसातून एकदा जरी गेलं तरी महिन्याचे दीडशे रुपये. इथे घराचा पास महिन्याला वीस रुपयांच्या आसपास होता. गरिबाला फुकट नको असतं, परवडेल असं हवं असतं.

अशा एका संडासाच्या खिडकीशी मी बऱ्याचदा बसले आहे. आत राहणाऱ्या मावशींकडे एक लांबोडकी वही. घर नंबर, नाव, माणसं किती, पैसे आले की टिक. ज्यांचे आले नाहीत त्यांच्या नावापुढे पेन्सिलनं बारीक खूण, पेननं नाही, कारण ‘तिचा नवरा घरी बसलाय सध्या, पुढच्या महिन्यात देईल’. किल्ल्यांचा जुडगा कमरेला. बल्ब चोरीला जातो म्हणून त्याला लोखंडी जाळी. फिनेल, खराटा, ॲसिडची बाटली, सगळं पोरांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर. मावशी म्हणायच्या, ‘ताई, उद्घाटनाला आमदार आले, नगरसेवक आले. मोटर जळाली तेव्हा कुणी आलं नाही.’

माझं म्हणणं थोडक्यात हेच आहे. संडास बांधणं हे सोपं काम आहे. चालवणं अवघड, आणि दानधर्म नेमका बांधण्यापाशी थांबतो.

का थांबतो तेही बघा. २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के समाजकामावर खर्च करायला लावले. स्वच्छता आणि पिण्याचं पाणी त्या यादीत आहे. चांगलंच आहे. पण कंपनीला मार्चअखेर आकडा लागतो. किती सीट बांधल्या, किती लाभार्थी, फोटो कुठे. भिंतीवर ‘यांच्या सौजन्याने’ अशी फरशी बसवता येते. वीजबिलावर कुणाचं नाव कोरणार? मुंबईत तर अशा वस्तीतल्या संडासांना घरगुती नाही, व्यापारी दरानं बिलं येतात अशी तक्रार आहे. बिल थकलं की मीटर जातो, मीटर गेला की मोटर बंद, मोटर बंद की टाकी कोरडी, आणि मग महिन्याभरात तो नवाकोरा संडास पुन्हा जुन्यासारखा. पास काढणारे पैसे द्यायचे थांबतात, मावशी खोली सोडून जातात, त्या खोलीत कुणीतरी दुसराच येऊन राहतो. पुण्यातल्या त्या चारशेंपैकी काही आजही नीट चालतात, काहींची दशा बघवत नाही. दोहोंची विटा-वाळू सारखीच होती.

स्वच्छ भारतच्या मापानुसार सामुदायिक संडासात ३५ पुरुषांमागे एक आणि २५ बायकांमागे एक सीट हवी. कागदावर हे बसतं. रात्री दोन वाजता पोट बिघडलेल्या मुलीला घेऊन अंधाऱ्या बोळातून जाणाऱ्या आईच्या ते कामाचं नाही. बायका त्यावर उपाय काढतात तो फार वाईट आहे: संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत. लघवीची जळजळ, मुतखडा, सगळं सोसतात आणि डॉक्टरला सांगतही नाहीत.

म्हणून पुण्यात शेल्टर असोसिएट्स या संस्थेनं, जी १९९३ पासून काम करते, घरोघरी संडासाचा आग्रह धरला. त्यांची पद्धत मला पटते. आधी वस्तीचा नकाशा करायचा, घरन् घर. कुठल्या घराजवळून ड्रेनेजची लाइन जाते, कुठे जात नाही, कुणाकडे संडास आहे, कुणाकडे नाही. मग ज्याला हवा त्याच्या दारात भांडं, विटा, सिमेंट, दार असं सामान संस्था पोचवते. मिस्त्री लावून बांधायचं काम त्या घरानं आपल्या पैशानं करायचं. दहा बाय दहाच्या खोलीत जागा कुठली, असं तुम्हाला वाटेल. मोरी असते ना! मोरीच थोडी वाढवायची, नाहीतर माळ्यावर जाणाऱ्या शिडीखाली. म्हातारी माणसं आधी कुरकुरतात, देवघर चार हातांवर, चूल दोन हातांवर. आणि मग गुडघे दुखायला लागले की सगळ्यात आधी तीच वापरतात.

पाण्याचं थोडक्यात सांगते, कारण ते पाइपाच्या पोटात आहे. आपल्याकडे नळाला दिवसातून काही तास पाणी येतं. बाकीचा वेळ पाइप रिकामा, दाब शून्य. तो पाइप गटारातून किंवा गटाराला लागून गेलेला असतो, सांध्याला चीर असते, आणि वरून कुणी थेट नळाला मोटर लावली की बाहेरची घाण आत ओढली जाते. टाकीत शुद्ध केलेलं पाणी नळापर्यंत येईतो नासतं. २०२५ च्या जानेवारीत पुण्यातल्या नांदेड गाव, किरकटवाडी, सिंहगड रस्त्याच्या भागात गिया-बारे या मज्जासंस्थेच्या आजाराचे रुग्ण धडाधड सापडले तेव्हा अख्ख्या पुण्यानं ‘पाणी उकळून प्या’ हे वाक्य नव्यानं ऐकलं. वस्तीतल्या बाईला ते जुनंच होतं, फक्त रोज दोन हंडे उकळायला गॅस परवडत नाही. तिला क्लोरीनचे थेंब, झाकणाचं पिंप आणि लांब दांड्याचं ओगराळं द्या. पिंपात हात बुडाला की पाण्यात टाकलेलं औषध वाया.

आणि नळच नसेल तर? मुंबईत वर्षानुवर्षं इमारतीतल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर आणि झोपडपट्टीतल्याला ४५ लिटर असा हिशेब होता. ठरावीक तारखेनंतर आलेल्या वस्त्यांना तर काहीच नाही. पाणी हक्क समिती कोर्टात गेली आणि डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं, की झोपडी बेकायदा असली तरी आतल्या माणसाचा पाण्याचा हक्क जात नाही. टँकर वाटण्यापेक्षा असा एक निकाल मिळवणं मला मोठं समाजकार्य वाटतं. त्याला देणगीदार मात्र फारसे मिळत नाहीत.

तेव्हा कुणी तुमच्याकडे संडासासाठी वर्गणी मागायला आलं तर जरूर द्या, पण चार प्रश्न विचारून द्या. वीजबिल कुणाच्या नावावर? मोटर जळाली तर पैसे कुठून? किल्ली कुणाकडे, वस्तीतल्या बाईकडे की पक्षाच्या ऑफिसात? आणि मैला कुठे जातो?

शेवटचा प्रश्न जरा जड आहे. जिथे ड्रेनेज नाही तिथे खाली सेप्टिक टाकी असते, आणि टाकी भरते. त्यात विषारी वायू साठतो. मुंबईत मानखुर्दला २०१७ मध्ये आणि भांडुपला २०१८ मध्ये सार्वजनिक संडासाखालची जमीन खचून माणसं टाकीत पडून मेली. सुरक्षेच्या साधनांशिवाय टाकीत माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये १० लाखांवरून ३० लाखांवर नेली. तरी माणसं उतरतात, कारण मैला उपसणारी गाडी बोळात शिरत नाही. आणि उतरणारा कुठल्या जातीचा असतो हे सांगायला मी लागत नाही.

एका वस्तीत नवा संडास बांधताना आम्ही आराखड्याच्या आधी पालिकेच्या गाडीचा पाइप किती लांब पोचतो ते मोजून घेतलं, रस्त्यापासून दोरी धरून. त्या मापानं टाकीची जागा ठरवली. संडास ठरल्या जागेपासून बाजूला सरकला, आतल्या आळीतल्या बायकांना चालणं वाढलं, आणि त्यांनी आम्हाला तोंडावर ऐकवलंही. पुढे टाकी भरली तेव्हा गाडी रस्त्यावरच उभी राहिली, पाइप आत गेला, आणि दुपारपर्यंत उपसा झाला. नमस्कार.