कुंभारीण, कॅमेरा आणि वाचनालयाचा दंड

नमस्कार मंडळी. मागे आवाज येतोय ना? पंखा जरा कमी करा कुणीतरी, माझे कागद उडतायत. तर पत्रिकेत विषय छापलाय 'वाचनामुळे कीटक कसे दिसू लागतात' आणि त्याखाली 'स्लाइड शोसह'. त्यातला स्लाइड शो आत्ताच रद्द झालेला आहे, कारण प्रोजेक्टर आहे, लॅपटॉप आहे, मधली वायर आहे, पण ती दोघांनाही बसत नाही. म्हणजे आज फोटो तुम्हाला कानानं बघायचेत. वाचणारी माणसं आहात, जमेल.

आधी एक कबुली देते. मी या वाचनालयाची जुनी सभासद आणि माझ्या खात्यावर एकदा एक्केचाळीस रुपये दंड लागलेला आहे. रोजचा एक रुपया. काउंटरवर बाईंनी विचारलं, एवढा उशीर का? म्हटलं, पुस्तकावर कुंभारणीनं घर बांधलंय. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, आजारपण ऐकलंय, लग्नकार्य ऐकलंय, कुत्र्यानं फाडलं हेही ऐकलंय, हे पहिल्यांदाच ऐकतेय. आणि दंड घेतलाच. बरोबरच आहे, नियम तो नियम, पण मला ते अजून लागतं, म्हणून आज सगळी हकीकत सांगणार आहे.

कुंभारीण म्हणजे आपली ती काळी-पिवळी गांधीलमाशी हो, कंबर सुईएवढी. आमच्या पुस्तकांचं कपाट मागच्या खिडकीशेजारी आहे आणि त्याला काचा नाहीत, त्यामुळे धूळ, पाल, कसर, सगळ्यांना प्रवेश खुला. मार्चअखेर असेल, दुपारी मी आडवी झालेली आणि कपाटातून 'झींऽऽ' आवाज. थांबतो, परत येतो. मला वाटलं मोबाईल व्हायब्रेटवर राहिलाय. बघते तर ही बया एका जाडजूड शब्दकोशाच्या आणि तुमच्या वाचनालयाच्या पुस्तकाच्या कण्यांवर, दोघांच्या मधल्या फटीत, ओल्या मातीची गोळी लावतेय. कपडे धुवायच्या दगडापाशी जो चिखल होतो ना, तिथून जबड्यात गोळी आणायची, भिंतीवर टेकवायची आणि अंग थरथरवत पसरायची. तो आवाज त्या थरथरीचा. गवंड्याचा थापीचा आवाज म्हणा. मी उठले आणि दाराशी खुर्ची टाकून खेपा मोजायला लागले. एका खोलीला अठ्ठावीस. अठ्ठाविसाव्या खेपेला ह्यांनी विचारलं, चहा होणारे का आज?

आणि सासूबाई! त्या तेव्हा ब्याऐंशीच्या. त्यांच्याकडे समजूत अशी की कुंभारणीनं घरात घर केलं की त्या घरात पाळणा हलतो. त्यांनी ते मातीचं घर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी सेहेचाळीस वर्षांची, लेक बारावीला. म्हटलं आई, नका हो असं बघू.

तर ते पुस्तक काढायचं नाही असं मी जाहीर केलं. घरात कुणी ऐकत नाही ते सोडा. रोज एक-दोन खोल्या वाढत गेल्या, सहा झाल्या. आता खोली लिंपून बंद करायच्या आधी ती आत काय भरते? सासूबाईंना विचारलं तर त्यांचं उत्तर तयार. हे तुम्हालाही माहितीये, कीर्तनात शंभरदा ऐकलंय, आपल्या संतवाङ्मयात ठिकठिकाणी आहे, कीटक-भृंगी न्याय. भृंगी, म्हणजे कुंभारीणच, अळीला धरून आणते, मातीच्या घरात कोंडते, ती बिचारी भीतीनं सतत भृंगीचंच ध्यान करते आणि ध्यान करता करता स्वतःच भृंगी होऊन उडून जाते. तसा भक्त देवाचं चिंतन करता करता देव होतो. मला हा दृष्टांत लहानपणापासून फार आवडतो. आणि खरं सांगू, त्यातलं निरीक्षण चुकलेलं नाहीये! अळी आत गेली, बघितलं. घर बंद झालं, बघितलं. काही दिवसांनी आतून भृंगी बाहेर आली, तेही बघितलं. पहिलं पान बरोबर, शेवटचं बरोबर. मधली पानं चिकटलेली होती एवढंच.

ती मधली पानं आमच्या ह्यांनी उघडली, तीही अपघातानं. शब्दकोडं सोडवत होते, एक शब्द अडला, उठले आणि शब्दकोश खस्सकन ओढला. कडेची खोली फुटली आणि लादीवर कोळी सांडले. छोटे छोटे, अकरा. मी आधी ओरडले आणि मग कॅमेरा आणला, हा क्रम लक्षात घ्या, संसार असाच टिकतो. मेलेले वाटत होते, पण लेन्समधून बघितलं तर एकाचा पाय हळूच हलला. म्हणजे जिवंत. डंख मारून लुळे केलेले. आणि एका कोळ्याच्या पोटावर भातासारखी पांढुरकी अळी, तोंड खुपसून बसलेली. ते कुंभारणीचं पिल्लू. ताजं अन्न राहावं म्हणून आईनं सगळ्यांना जिवंत ठेवलंय, फ्रीजची गरज नाही.

फ्रीजवरून आठवलं, हे सांगायलाच हवं. एका फोटोग्राफीच्या सहलीला गेले होते, नाव घेत नाही. पहाटे एक गृहस्थ भेटले, त्यांच्या मोबाईलवर चतुराचा असा फोटो की बघत राहावं, डोळ्यावर दवाचा एकेक थेंब. म्हटलं कसा मिळाला? तर म्हणाले, सोप्पंय मॅडम, आदल्या दिवशी पकडायचा, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायचा, सकाळी काडीवर बसवायचा, वरून पाण्याचा स्प्रे मारायचा, दहा मिनिटं हलत नाही. अहो! तुमचा पासपोर्टचा फोटो काढायच्या आधी तुम्हाला डीप फ्रीजरात ठेवलं तर चालेल का? आणि गंमत म्हणजे चतुर हा फोटोसाठी सगळ्यात सोयीचा प्राणी, बरेचसे चतुर उडाले तरी फिरून त्याच काडीवर येऊन बसतात. काडीवर फोकस लावून गप बसायचं, एवढंच. पण गप बसणं हेच तर अवघड. इथे वाचनालयाच्या वाचन-कक्षातसुद्धा जमत नाही लोकांना, मागच्या रांगेत चाललंय बघा.

बरं, तरुण मंडळी आल्येत तर उपकरणांबद्दल दोन मिनिटं. महागडी मॅक्रो लेन्स, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायची, नसली तर अडत नाही. मी सुरुवात केली ती कॅमेऱ्यासोबत मिळालेली साधी लेन्स उलटी लावून. रिव्हर्स रिंग मिळते, काही शे रुपयांत. फ्लॅशसमोर दह्याच्या डब्याचं पांढरं झाकण, म्हणजे उजेड मऊ पडतो. आणि इतक्या जवळून फोटो काढताना स्पष्ट दिसणारा भाग केसाएवढा असतो, डोळा मिळाला तर मिशा गेल्या, मिशा मिळाल्या तर डोळा गेला, म्हणून लेन्सचं भोक बारीक, म्हणजे एफ अकरा, एफ सोळा असं काहीतरी ठेवायचं आणि श्वास रोखायचा. श्वासानंसुद्धा उडतात. माझ्याकडे कुठून कुठून आलेले रिकाम्या पानांचे किमान चार हजार फोटो आहेत, कीटक नुकताच गेलाय अशा पानांचे.

कुठे होते मी? हां, कोळी. तर मी तो फोटो लॅपटॉपवर मोठा करून सासूबाईंना दाखवला. मला वाटलं आता दृष्टांत मोडला म्हणून वाईट वाटेल त्यांना. त्यांनी चष्मा नाकावर सरकवला, नीट बघितलं आणि म्हणाल्या, "हे तर कोळी आहेत. अळी कुठाय?" बघा! ब्याऐंशी वर्षांची बाई, चौथीपर्यंत शिकलेली, रोज पोथी वाचणारी, आणि एवढा नेमका प्रश्न. आयुष्यभर ओळीवर बोट ठेवून वाचलेलं असलं की असं होतं. पोथीत अळी म्हटलंय, इथे कोळी आहेत, म्हणजे ही ती बाई नव्हे.

आणि ती ती नव्हतीच. आपण दोघींना कुंभारीणच म्हणतो. एक ही, चिखलाच्या खोल्या बांधून कोळी भरणारी. दुसरी असते ती छोटंसं मडकंच करते, अगदी गळा आणि काठ असलेलं सुबक मडकं, सुपारीएवढं, आणि त्यात अळ्या भरते. दृष्टांतातली भृंगी बहुतेक ही दुसरी असणार.

आता ते मडकं शोधणं आलं. त्या वर्षी पाऊस संपल्यावर, दिवाळीआधी, रंगारी भिंती खरवडत होता, तर मागच्या खिडकीच्या गजाला लागून एक मडकं. त्यानं खरवडायचा पत्रा लावलाच होता, मी वरच्या आवाजात 'थांब रे बाबा' केलं तोवर अर्धं फुटलं. म्हटलं ठीक, उरलेलं मला दे. आत पाच हिरव्या अळ्या, वळवळत, पण दमलेल्या. सासूबाई लगेच म्हणाल्या, "ह्या बघ." कशा खूश! आणि इथेच माझा खरा मुद्दा आहे, तो मी आता सविस्तर...

काय? पाचच मिनिटं? अहो पण पाहुण्यांच्या ओळखीतच वीस गेली की. बरं बरं.

मग भरभर सांगते. मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या फूटपाथवर मला फार वर्षांपूर्वी झाँ-आंरी फाब्रच्या कीटकांवरच्या लेखांचं एक जुनं इंग्रजी भाषांतर मिळालं होतं. फाब्र म्हणजे फ्रान्समधला शाळामास्तर, १८२३ ते १९१५. आठवणींचे दहा खंड लिहिलेत त्यानं, पहिला १८७९चा, शेवटचा १९०७चा. माझ्या प्रतीला कसर लागलेली, आरपार भोकं, पानापानावर एकेक शब्द खाल्लेला, अंदाजानं वाचायचं. त्यात ह्या मडकंवालीवर प्रकरण आहे. तो म्हणतो, हिच्या अळ्या पुरत्या लुळ्या झालेल्या नसतात, वळवळतात, मग त्यांच्यात ठेवलेलं अंडं चिरडत कसं नाही? तर ती अंडं खाली ठेवतच नाही, मडक्याच्या छताला बारीक धाग्यानं टांगते. पिल्लू बाहेर आलं की लटकतच खातं आणि खालून हालचाल झाली की वर सरकतं.

हे मी वाचलेलं होतं म्हणून त्या फुटक्या मडक्याच्या वरच्या अंगाला मी टॉर्च मारला. आणि होतं! पिवळसर, लांबट अंडं, आणि धागा इतका बारीक की नुसत्या डोळ्यांना अंडं हवेत तरंगतंय असं वाटावं. एकोणीस फोटो काढले, एकात धागा आला. मी न वाचता तसली पन्नास मडकी फोडली असती ना, तरी त्या धाग्याकडे माझं लक्ष गेलं नसतं. अळ्यांचे छान फोटो काढून, दहा लाइक घेऊन झोपले असते. माझं म्हणणं एवढंच आहे, वाचलेलं असतं ते कुठे बघायचं हे सांगतं. बाकी कॅमेरा सगळ्यांकडेच आहे आता.

पण याची दुसरी बाजूही आहे, तीही घाईतच. वाचलं ते खरं, असं धरून बसायचं नाही. हा फाब्र स्वतः कीटकांकडे वळला तो एका हिवाळ्यात संध्याकाळी लेऑं द्युफूर नावाच्या डॉक्टरचा लेख वाचून. भुंगेरे साठवणारी एक गांधीलमाशी आणि तिचे भुंगेरे दिवसेंदिवस सडत का नाहीत, यावर लेख होता. द्युफूरचं मत की ती काहीतरी टिकवणारा पदार्थ टोचते, लोणच्यात मीठ घालावं तसं. फाब्रला लेख प्रचंड आवडला, आणि आवडला म्हणून तो बघायला गेला, आणि बघितलं तर भुंगेरे मेलेलेच नाहीत, डंखानं लुळे केलेत. १८५५ला छापलं त्यानं ते. आपल्या कोळ्यांसारखंच. म्हणजे ज्याच्यामुळे गोडी लागली त्याचीच चूक काढली. ह्यात मला कुठे उर्मटपणा दिसत नाही, सासूबाईंच्या 'अळी कुठाय'सारखंच आहे ते. ह्या माणसाला पुढे मुलींसमोर फुलांच्या फलनावर व्याख्यान दिलं म्हणून घर सोडावं लागलं, घरमालकिणी भडकल्या. मला निदान शाल-श्रीफळ मिळणार आहे. आणि त्याच्या म्हातारपणी त्याच्या मुलानं, पॉलनं, पुस्तकांसाठी कीटकांचे फोटो काढले, ते मला दाखवायचे होते, पण वायर.

मराठी नावांबद्दल बोलायचं राहिलं. एकच सांगते, जेझेबेल नावाच्या फुलपाखराला मराठीत हळदीकुंकू म्हणतात, पंख मिटून बसलं की कळतं का ते. आणि ज्याला आपण मृगाचा किडा म्हणतो, लाल मखमली, त्याला आठ पाय असतात, तो कीटक नाहीच, कोळ्यांच्या नात्यातला. पाय मोजत जा, फुकट असतं.

दंडाचं राहिलं. खोल्यांना भोकं पाडून पाच कुंभारणी उडून गेल्या, मग मी ओलं फडकं लावून माती सोडवली आणि पुस्तक आणून दिलं. कण्यावर अजून तांबूस डाग आहे, पहिल्या मजल्यावर प्रवासवर्णनांच्या कपाटात बघा. सासूबाईंनी दृष्टांत सोडला नाही. त्या म्हणायच्या, अळी भृंगीच्या पोटात जाऊन भृंगीच झाली की नाही शेवटी? ह्यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही.

हो, संपवतेच आहे. आणि मंडळी, एक गोष्ट मी मुद्दाम शेवटपर्यंत सांगितली नाही, नाहीतर तुम्ही माझं ऐकलंच नसतं. तुमच्या मागे, दाराकडून तिसऱ्या ट्यूबलाइटच्या पट्टीवर बघा. चार खोल्या आहेत. तिघींना भोक पडलंय, चौथी अजून बंद आहे. सावकाश वळा, खुर्च्या वाजवू नका.