सुनेहून नऊ वर्षांनी मोठी सासू

पुण्यातल्या लक्ष्मी रस्त्यावरची हुजूरपागा. 1884 पासूनची मुलींची शाळा. नयन भडभडे इथे शिकल्या आणि शाळेत असतानाच अभिनयात चमकल्या. नाटक घरातच होतं. आई मंदाकिनी भडभडे रंगभूमीवरच्या अभिनेत्री. पुढे बँकेतली नोकरी, जोडीला नाटकं, विवेक लागूंशी लग्न, आणि नाव झालं रीमा लागू.

सिनेमानं त्यांना आई केलं. 1989 साली 'मैंने प्यार किया'मध्ये त्यांचा मुलगा झालेला सलमान खान त्यांच्याहून जेमतेम सात वर्षांनी लहान. 1994 मध्ये दूरदर्शनवर 'श्रीमान श्रीमती'तली कोकिला आली आणि 'तू तू मैं मैं'मधली सासू, देवकी वर्मा. सून झालेल्या सुप्रिया पिळगांवकर 1967 च्या, रीमाताई 1958 च्या. तरी सासू दिसायला त्यांनी ना पाठ वाकवली, ना आवाज कापरा केला. धाक होता तो नजरेचा.

नाटकात हशा किती टिकेल हे समोरचे प्रेक्षकच सांगतात. अशा विनोदी मालिकांच्या सेटवर प्रेक्षक नसतात. हशा नंतर संकलनात चढवतात. त्याची जागा नटीनंच राखायची, साधारण एक-दीड सेकंद. घाई केली तर पुढचं वाक्य हशात बुडतं, जास्त थांबलं तर हशा उसना वाटतो. आणि नुसतं गप्प राहून भागत नाही. त्या सेकंदात पात्राचा विचार चेहऱ्यावर चालू हवा, नाहीतर 'झालं वाक्य, आता हसा' असं दिसतं. रीमाताईंचा राग तिथे जराही सैल पडत नाही. देवकीला सुनेचं वागणं खरोखर खुपत असतं.

मग हातातलं काम. समजा, सासू भाजी निवडता निवडता टोमणा मारते. लांबच्या शॉटमध्ये 'माहेर' या शब्दावर देठ मोडला, तर क्लोजअपमध्येही त्याच शब्दावर मोडायला हवा. एवढं चुकलं की दोन शॉट जुळत नाहीत, संकलकाला भलतीकडेच कट घ्यावा लागतो आणि टोमणा वाया जातो. प्रयोगामागून प्रयोग तोच प्रवेश केलेल्या नटीच्या हातात ही शिस्त मुरलेली असते.

17 मे 2017 रोजीही रीमाताई 'नामकरण' मालिकेच्या चित्रीकरणाला हजर होत्या. 18 मेच्या पहाटे मुंबईत त्या गेल्या. वय 58.

विनोदी भूमिका शिकणाऱ्यांनी 'तू तू मैं मैं'चा एक भाग आवाज बंद करून पाहावा. सून बोलत असेल तेव्हा नजर सासूवर ठेवायची.