शरणपूरची किल्ली

[दृश्य: सकाळचा शरणपूर रोड. वर जाणारी शटर, शाळेच्या रिक्षा, चहाच्या टपरीवरची वाफ.]

शरणपूर रोड माहीत नाही असा नाशिककर सापडणार नाही. दुकानं, दवाखाने, बँका. संध्याकाळी तर गाडी लावायला जागा मिळत नाही. रिक्षावाल्याला सांगा, तो पुढचं विचारत नाही, मीटर टाकतो.

पण हा शब्द एकदा सावकाश म्हणून पाहा. शरण. पूर. शरण आलेल्यांचं गाव.

कोण आलं होतं इथे शरण?

१८५४ साली चर्च मिशनरी सोसायटीच्या मिशनऱ्यांनी तेव्हाच्या नाशिकच्या वेशीबाहेर ही वस्ती वसवली. त्या काळी माणूस ख्रिस्ती झाला की भावकी तुटायची. पाणवठा बंद, बलुतं बंद, सोयरीक बंद. डोक्यावर छप्पर आणि हाताला काम, दोन्ही नव्याने शोधावं लागायचं. म्हणून इथे चर्चच्या जोडीला घरं आली, अनाथ मुलांचा आश्रम आला, सुतारकाम-लोहारकाम शिकवणारी शाळा आली.

आणि मग या गावात अशी माणसं आली, ज्यांची कल्पना गोदाकाठच्या कुणी केली नसेल.

[दृश्य: जुना नकाशा. आफ्रिकेचा पूर्व किनारा, अरबी समुद्र, मुंबई, नाशिक.]

पूर्व आफ्रिकेतून गुलाम म्हणून पकडून नेलेली मुलं. त्यांना वाहून नेणारी गलबतं इंग्रजांच्या आरमाराने समुद्रात अडवली, की सुटका झालेल्यांपैकी कित्येकांना मुंबईच्या बंदरात उतरवलं जायचं. घर कुठल्या दिशेला राहिलं हेही त्यांना सांगता येत नव्हतं. १८६० पासून त्यांच्यापैकी अनेकांना शरणपूरला आणलं गेलं. पुढे जगाने त्यांना ‘नासिक बॉइज’ म्हटलं. आपल्या गावाचं नाव आफ्रिकेच्या इतिहासात अशा वाटेने गेलं आहे, आणि आपल्या शाळेच्या पुस्तकात त्याची एक ओळ मला कधी वाचायला मिळाली नाही.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. आसरा दिला, पण नावं काढून घेतली. याओ जमातीच्या एका मुलाचं नाव झालं जेकब वेनराइट. आईने त्याला काय हाक मारली असेल, ते कुठल्याही वहीत नाही. मिशनच्या कामाबद्दल बोलताना आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांत फक्त कृतज्ञता व्यक्त करायची रीत आहे. कृतज्ञता मलाही आहे. पण पुसलेल्या नावांचं दुःख त्या कृतज्ञतेच्या शेजारी बसलं पाहिजे.

हा जेकब शरणपूरला शिकला. १८७२ मध्ये आफ्रिकेत फिरणाऱ्या स्कॉटिश मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या मदतीला गेलेल्या तुकडीत तो होता. १८७३ मध्ये आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी लिव्हिंगस्टन वारले. सोबतच्या आफ्रिकन माणसांनी त्यांचं हृदय तिथेच एका झाडाखाली पुरलं. अंत्यविधीची प्रार्थना वाचली जेकबने, आणि झाडाच्या खोडावर अक्षरं कोरली तीही जेकबनेच. मग साठाहून अधिक माणसांनी तो देह सुमारे सोळाशे किलोमीटर वाहून समुद्रापर्यंत नेला. नऊ महिने लागले. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये दफन झालं, तेव्हा शवपेटीसोबत चालणाऱ्यांत आपल्या शरणपूरचा हा विद्यार्थी होता.

मला मात्र जेकबपेक्षा दुसऱ्या एकाची गोष्ट जास्त जवळची वाटते. विल्यम जोन्स. तोही गुलामीतून सुटून नाशिकला शिकलेला. १८६४ मध्ये तो आजच्या केनियातल्या रबाईला गेला. तिथल्या किनाऱ्यावर अजून गुलामी होती. मळ्यांतून पळालेली माणसं रात्री-बेरात्री रबाईच्या मिशनमध्ये येऊन लपू लागली. मालक हत्यारं घेऊन मागे यायचे. पळून आलेल्यांना आत घेणं हे वरच्या साहेबांच्या धोरणात बसत नव्हतं, म्हणून त्यांना परत पाठवा, असं दडपण यायचं. जोन्स आणि त्याच्या सोबत्यांनी त्यांना ठेवून घेतलं. १८८९ च्या पहिल्या दिवशी रबाईला सुमारे चौदाशे माणसांना स्वातंत्र्याचे दाखले मिळाले. त्यासाठी मालकांच्या हाती भरपाई ठेवावी लागली, पण माणसं सुटली.

ज्याला स्वतःला कुणीतरी दार उघडलं होतं, त्याने दार उघडं ठेवलं. आमच्या मंडळीचा इतिहास मी इथून धरतो.

[दृश्य: काळाराम मंदिराचा महादरवाजा. पहाटेची वेळ.]

आता पंचवटीत या. माझी आजी ख्रिस्ती घरात लग्न होऊन आली. तिचे वडील ख्रिस्ती नव्हते. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा ते दरवाजापुढे बसलेल्यांत होते. सत्याग्रहाचे नाशिकमधले पुढारी दादासाहेब गायकवाड यांचं नाव आजी हात जोडून घ्यायची. त्या वर्षीच्या रामनवमीला रथाच्या वेळी दगडफेक झाली, तिची खूण तिच्या वडिलांच्या कपाळावर होती. पाच वर्षं लढा चालला. दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्याला सांगितलं, की मी हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. १९५६ नंतर आजीचं माहेर बौद्ध झालं.

त्यामुळे आमच्या घरी १४ एप्रिलला निळा झेंडा आणि डिसेंबरमध्ये चांदणी. नाताळच्या करंज्या माहेरी जायच्या आणि जयंतीची खीर आमच्याकडे यायची. नाशिक-नगरकडच्या कितीतरी घरांची हीच कहाणी आहे, एकाच वाड्यातल्या दोन चुलींची. सामाजिक न्याय हा शब्द आम्ही कुठल्या शिबिरात शिकलो नाही. आजीच्या वडिलांच्या कपाळावर तो दिसायचा.

[दृश्य: रविवार. बाजापेटीवर बोटं. चपलांची रांग.]

आमची मंडळी लहान आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत जाणारी माणसं, परिचारिका, शिक्षिका, महापालिकेच्या घंटागाडीवरचे दोघं, बरेचसे निवृत्त. ‘जय ख्रिस्त’ म्हणून हात हातात घ्यायचा आणि बाकावर सरकून जागा द्यायची. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची भजनं अजून टाळ-तबल्यावर होतात. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या. त्यांच्या माहेरी सोवळं इतकं कडक, की बाजारातून आणलेलं मीठसुद्धा धुऊन घ्यायचे. त्या घरातल्या मुलीने पुढे जातपात टाकली, ती बाप्तिस्मा घेण्याच्या आधी, स्वतः विचार करून. कुणाच्याही हातचं पाणी प्यायला सुरुवात केली. धर्म बदलला म्हणून जात सुटली, असं तिच्याबाबतीत झालं नाही. जात तिने हाताने सोडवली.

हे मी मुद्दाम सांगतो आहे. कारण आमच्यातही ती आपोआप सुटलेली नाही. व्यासपीठावरून आम्ही म्हणतो, ख्रिस्तात भेद नाही. आणि सोयरीक जमवताना हळूच विचारतो, “तुम्ही मूळचे कुठले?” या प्रश्नात गाव विचारलेलं नसतं, हे विचारणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असतं. तीन वर्षांपूर्वी आमच्या तरुण संघाने एका रविवारी हा प्रश्न उपदेशाच्या वेळी सगळ्यांसमोर मांडला. दोन घरं काही महिने आली नाहीत. पाळकसाहेब त्यांच्याकडे जात राहिले, पण विषय मागे घेतला नाही. त्यातलं एक घर परत आलं. दुसऱ्याची जागा आम्ही अजून धरून ठेवली आहे.

आणि बाहेरची जात? ती तर कागदावर आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना दिला. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित अजून बाहेर. रंगनाथ मिश्रा आयोगाने धर्माची अट काढा असं २००७ मध्ये सांगितलं. २०२२ मध्ये आणखी एक आयोग नेमला गेला. दर १० ऑगस्टला, त्या आदेशाच्या तारखेला, देशभरातल्या मंडळ्या काळा दिवस पाळतात, दंडाला काळी फीत लावतात. आमच्याकडेही लावतात. आजीच्या बौद्ध माहेरची एक बहीण आणि मी एकाच पणजोबांची पतवंडं. तिला मिळते ती शिष्यवृत्ती मला मिळाली नाही. तिचा मला हेवा नाही, तिला मिळते ते थोडंच आहे. पण गावाने आम्हा दोघांच्या पणज्याला ज्या विहिरीवरून हाकललं, ती विहीर एकच होती. बाप्तिस्म्याचं पाणी अंगावर पडलं म्हणून त्या विहिरीची आठवण कुणाच्या मनातून धुतली गेली?

म्हणून काही तरुण बाप्तिस्मा लांबवतात, काही वहीत नाव घालू नका म्हणतात. पाळकसाहेब त्यांना प्रभुभोजनाला बोलावतात. कागद नंतर पाहू, आधी ये, म्हणतात. यावरही आमच्यात एकमत नाही.

[दृश्य: हंगामाचा सण. चर्चच्या अंगणात कांदे, द्राक्षं, कोंबड्या, लिंबू.]

हंगामाचा सण मात्र एकदा पाहायला या. ज्याच्या घरी जे पिकतं ते तो आणतो. निफाडकडचे द्राक्षांची पेटी आणतात, कुणी कांद्याची गोणी, कुणी कोंबडी, आणि जिच्याकडे शेत नाही ती पोळ्या लाटून आणते. मग लिलाव. एका म्हाताऱ्या बाईंनी दारातल्या झाडाचं एक लिंबू आणलं. बोली पाचशेवर गेली. घेणाऱ्याने ते परत टेबलावर ठेवलं, पुन्हा लिलाव करा म्हणाला. तीनदा विकलं गेलं ते लिंबू. बाई पदर तोंडाला लावून बसून होत्या. या पैशातून मंडळीची कर्जाऊ पेटी चालते: शाळेची फी, दवाखाना, मयतीचा खर्च. व्याज नाही. नाव कुणालाही कळत नाही, खजिनदार सोडून.

६ मार्च २०१८ ला नाशिकच्या सीबीएस चौकातून शेतकऱ्यांचा लाँग मार्च निघाला. सुरगाणा, पेठ, दिंडोरीकडचे आदिवासी, बापजाद्यांनी कसलेल्या वनजमिनीचा हक्क मागणारे. १२ तारखेला ते मुंबईच्या आझाद मैदानात पोहोचले, तेही रात्रीतून चालून, कारण सकाळी दहावीच्या मुलांचा पेपर होता. आमच्या भगिनी मंडळाने निघताना भाकरी-चटणी बांधून दिली होती. तेव्हा एक आजोबा म्हणाले होते, चर्चचं हे काम नाही. त्याच आजोबांनी टीव्हीवर त्या माणसांचे सोललेले तळपाय पाहिले, आणि पुढच्या रविवारी दानपेटीत चपलांच्या एका जोडीचे पैसे टाकले. बोलले काहीच नाहीत.

[दृश्य: चर्चचं रिकामं सभागृह. कोपऱ्यात गुंडाळलेल्या सतरंज्या.]

आणि आता या सभागृहाबद्दल. दरवर्षी द्राक्षांच्या हंगामात पेठ-सुरगाण्याकडून मजूर कुटुंबं येतात. छाटणी, विरळणी, तोडणी. काम मिळेपर्यंत नाक्यावर, पुलाखाली, कुठेही राहतात. एका फेब्रुवारीत अवेळी पाऊस आणि गारा आल्या. रात्री नऊ वाजता अकरा माणसं आमच्या फाटकाशी उभी होती, त्यात तीन लेकरं. ख्रिस्ती कुणी नव्हतं. किल्ली होती कमिटीच्या सचिवांकडे, आणि कमिटीची परवानगी नव्हती.

फोनाफोनी झाली. कुणी म्हणालं, चोरी झाली तर. कुणी म्हणालं, उद्या कुणी धर्मांतराचा आळ घेतला तर. ही भीती खोटी नव्हती, दिवसच तसे आहेत. तेवढ्यात आमच्या एक शिक्षिका, आता निवृत्त आहेत, छत्री घेऊन सचिवांच्या दारात गेल्या. त्यांनी एवढंच विचारलं, “भाऊ, आपलं गाव कुठलं हो?” सचिवांचे आजोबा शरणपूरच्या आश्रमात वाढलेले. त्यांनी किल्ली काढून दिली.

माणसं चार रात्री राहिली. कुणी त्यांना पत्रिका वाटली नाही, प्रार्थनेला बसा म्हटलं नाही. भगिनींनी खिचडी केली. तिसऱ्या दिवशी त्या बायकांनी नागलीच्या भाकरी थापल्या आणि आम्हाला वाढल्या.

पाचव्या दिवशी दिंडोरीच्या बागेतून ट्रॅक्टर आला. पोरं आधीच चढून बसली. त्यांची आई मागे राहिली होती. तिने सभागृह झाडून काढलं, सतरंज्या घडी करून कोपऱ्यात रचल्या, दाराला कुलूप लावलं. मग किल्ली मुठीत धरून ती अंगणात उभी राहिली आणि तिने विचारलं, “ही कुणापाशी द्यायची? माघारी पाऊस आला, तर कुणाला हाक मारायची?”