मीटरभर दांडी

[दृश्य: रात्र. खिडकीशी टेबल. अँटेनाचं एकेक पेर बाहेर येतंय.]

आधी खोलीतला एलईडी दिवा बंद करायचा. मग भिंतीवरचा मोबाइलचा चार्जर काढायचा. दोन्ही वस्तू दिसायला गरीब, पण त्यांच्या पोटातली इलेक्ट्रॉनिक सर्किटं सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असतात आणि रेडिओच्या कानाशी सतत कुरकुर करतात. त्या गप्प झाल्या, की रेडिओ उचलून खिडकीशी न्यायचा आणि अँटेना ओढायची. अगदी शेवटच्या बारीक टोकापर्यंत.

ही दांडी फार तर मीटरभर. आणि तिला पकडायची आहे ३१ मीटर लांबीची लहर.

शॉर्टवेव्ह, म्हणजे लघुलहर, ही नावालाच लघु. मीडियम वेव्हच्या शेकडो मीटरच्या लहरींशेजारी ती आखूड, इतकंच. हिशेब सोपा आहे: ३००ला मेगाहर्ट्झने भागा, मीटर मिळतात. साडेनऊ मेगाहर्ट्झ म्हणजे ३१ मीटर आणि वर थोडं. त्यातल्या पाव लहरीएवढी अँटेना उभारायची, तरी जवळजवळ आठ मीटरचा खांब लागेल. तो पिशवीत कसा मावणार? म्हणून दांडी मीटरभर. पोर्टेबल रेडिओतली पहिली तडजोड ही, आणि पुढच्या बहुतेक तडजोडी हिच्यातूनच निघतात.

[दृश्य: मागचं झाकण उघडलेलं. काळसर फेराइटची कांडी, तिच्यावर तांब्याच्या तारेचे वेढे.]

आत ही जी काळसर कांडी दिसते, ती फेराइटची, मीडियम वेव्हसाठी. त्या बँडवर, म्हणजे लहरींच्या त्या पट्ट्यात, अख्खा सेट फिरवला, की आवाज कमी-जास्त होतो, कारण कांडीला दिशा कळते. ती सवय लागलेली माणसं शॉर्टवेव्हवरही सेट गोल गोल फिरवत बसतात. बहुतेक संचांत तिथे कांडीचा काही संबंधच नसतो, काम दांडीचं असतं. फिरवण्यापेक्षा सेट दोन हात सरकवून बघावा.

सन १९४२मध्ये आलेल्या, झेनिथ या अमेरिकन कंपनीच्या ट्रान्स-ओशनिक संचाला एक काढता येणारी अँटेना होती. ती रबरी चकत्यांनी खिडकीच्या काचेला चिकटवायची. आगगाडीचा डबा म्हणजे लोखंडी पेटी, लहरी आत शिरतात त्या खिडकीतूनच. म्हणून संच मांडीवर आणि अँटेना काचेवर. मला ही कल्पना आजही पुष्कळ नव्या फीचर्सपेक्षा हुशार वाटते. संच मात्र व्हॉल्व्हचा होता आणि बॅटऱ्यांसकट चांगला जड. त्याच मालिकेतला ट्रान्झिस्टरचा संच १९५७मध्ये आला, टॉर्चच्या सेलवर चालणारा.

[दृश्य: जुनी डायल. काटा, दोरी, चाकं.]

आता बोटं आणि डायल यांच्याकडे येऊ. ३१ मीटरचा बँड साधारण ९,४०० ते ९,९०० किलोहर्ट्झ. स्टेशनं पाच-पाच किलोहर्ट्झवर बसवलेली, म्हणजे शंभर जागा. जुन्या डायलवर त्या शंभर जागा बोटाच्या एका पेरात मावतात. गँग कंडेन्सरची, म्हणजे स्टेशन लावणाऱ्या फिरत्या भागाची, दोरी जराशी सैल असली, की काटा हलण्याआधीच स्टेशन निघून जातं. म्हणून चांगल्या कंपन्यांनी शॉर्टवेव्हचे सहा-सात तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकड्याला पूर्ण डायल दिली. एसडब्ल्यू-१, एसडब्ल्यू-२ अशी जी बटणं दिसतात, ती त्यासाठी.

सोनीचा आयसीएफ-२००१ हा संच १९८०मध्ये आला. त्यात काटाच नव्हता. आकडे दाबायचे, स्टेशन हजर. ऐकणाऱ्याचं कामच बदललं: शोधत हिंडण्याऐवजी पत्त्यावर जायचं. पण अशा आकडी संचांमधल्या काहींत गंमत अशी, की बटण फिरवताना प्रत्येक पायरीला आवाज क्षणभर तुटतो. फुक, फुक, फुक. दोन पायऱ्यांच्या मधलं क्षीण स्टेशन तुम्हाला कळतही नाही. दुकानात रेडिओ बघताना मेमरी किती हजार ते विचारू नका, बटण सावकाश फिरवून ऐका.

[दृश्य: पाटीवर खडूने: ११,०००. खाली: ११,९१०.]

डायलवर कधी कधी भुतं भेटतात. जवळपास सगळे रेडिओ सुपरहेटरोडाइन, म्हणजे एडविन आर्मस्ट्राँगने १९१८मध्ये बांधलेल्या पद्धतीचे. बाहेरून आलेली कुठलीही लहर संचात आधी एका ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर आणायची आणि मग तिची मशागत करायची. स्वस्त संचात ही फ्रिक्वेन्सी ४५५ किलोहर्ट्झ असते. त्याचा परिणाम असा, की ११,९१० किलोहर्ट्झवरचं दणदणीत स्टेशन ४५५च्या दुप्पट अंतर खाली, म्हणजे ११,०००वर, पुन्हा बोलू लागतं. तिथे ते नसतंच. यावर उपाय दुहेरी रूपांतराचा: लहर आधी पन्नासेक मेगाहर्ट्झच्या वर न्यायची आणि मग ४५५वर उतरवायची. भूत इतकं लांब जातं, की दारातला साधा फिल्टरही त्याला अडवतो. डबल कन्व्हर्जन हा शब्द खोक्यावर दिसला, तर तो निव्वळ शोभेचा नाही.

दुसरी गोष्ट बँडविड्थची, म्हणजे रेडिओ एका वेळी किती रुंद पट्टा आत घेतो त्याची. शेजारचं स्टेशन पाच किलोहर्ट्झवर गात असेल, तर झरोका अरुंद करावा लागतो. झरोका अरुंद केला, की शेजारी गप्प होतो, पण निवेदकाचे स, श, फ बोथट होतात. माणूस उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखा. कुठे थांबायचं ते ऐकणाऱ्याने ठरवावं. ज्या संचात वाइड-नॅरो असं बटणच नाही, तिथे ते कारखान्यात कुणीतरी आधीच ठरवून टाकलंय.

[दृश्य: आकाश. ढग सरकतात. खाली खरखर.]

आणि मग आकाश. जमिनीपासून अडीचशे-तीनशे किलोमीटर उंचीवर विद्युतभारित थर आहे. लहर त्यावर वळून खाली येते, एका उडीत तीन-चार हजार किलोमीटर जाते. दिवसा खालचा एक थर जागा असतो आणि सहा-सात मेगाहर्ट्झच्या लहरी गिळतो. रात्री तो विरतो. म्हणून ४९ आणि ४१ मीटरचे बँड रात्रीचे, १६ आणि १३ मीटरचे दिवसाचे. हा वरचा थर स्थिर नसतो, त्यामुळे आवाज लाटेसारखा चढतो आणि ओसरतो. तेवढं चालतं. पण कधी आवाज असतो आणि तरीही शब्द फाटतात, कारण लहरीतला मधला वाहक, म्हणजे आवाज वाहून आणणारी मूळ लहर, तेवढा खचलेला असतो. सोनीच्याच आयसीएफ-२००१डी संचात १९८५मध्ये याचं उत्तर होतं, सिंक्रोनस डिटेक्टर: खचलेल्या वाहकाच्या जागी रेडिओ स्वतःचा वाहक तयार करून बसवतो. फाटलेलं वाक्य कानादेखत जुळून येतं. आज डीएसपी, म्हणजे आकडेमोड करून लहर गाळणाऱ्या, चिपमुळे खिशातल्या संचालाही नेमका फिल्टर परवडतो, सिंक्रोनस डिटेक्टर मात्र क्वचितच नीट जमतो.

मीटरभर दांडीला दहा मीटर तार जोडावी, असा मोह प्रत्येकाला होतो. लहान संचाचं पोट तेवढ्याने बिघडतं, तगडी स्टेशनं सगळ्या डायलभर सांडतात. बाजूला डीएक्स-लोकल, म्हणजे दूरचं-जवळचं, अशी स्लाइडर असते, ती अशा वेळी लोकलवर सारावी. तिच्याच शेजारी लॉकचं बटण असतं. ते विसरलात, तर रेडिओ पिशवीत आपोआप चालू होतो आणि मुक्कामी पोचेपर्यंत सेल संपलेले.

[दृश्य: डिस्प्ले जवळून. १०,०००. सेकंदासेकंदाला टिक.]

दहा हजार किलोहर्ट्झ. अमेरिकेतलं डब्ल्यूडब्ल्यूव्ही हे केंद्र, कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सहून, आणि त्याच आकड्यावर हवाईचं डब्ल्यूडब्ल्यूव्हीएच. काम एकच, वेळ सांगणं. पहिल्यावर पुरुषाचा आवाज, दुसऱ्यावर बाईचा. खरखरीत आधी टिक-टिक तेवढी कळते.

आता रेडिओ हातातून टेबलावर ठेवा. टिक-टिक बुडाली. पुन्हा उचला. आली. एकट्या दांडीचं भागत नाही, तिला विरुद्ध बाजूला काहीतरी टेकू लागतो. संच हातात होता, तेव्हा तो टेकू तुमचं शरीर होतं.

[दृश्य: हात संचावर. टिक. टिक. टिक.]