खांब, तळखडा आणि रोल बार

अध्यक्ष महाराज आणि मंडळी,

पत्रिकेत विषय छापलाय, ‘प्रोजेक्ट कारमध्ये रोल बार बसवणे व चासी मजबुतीकरण’. प्रोजेक्ट कार म्हणजे हौसेनं स्वतः बदल करून बांधलेली गाडी, आणि रोल बार म्हणजे गाडी उलटली तर छत चेपू नये म्हणून आत बसवायची पाइपाची कमान. मला 45 मिनिटं दिली होती, त्यातली 12 सत्कारात गेली. धुळ्याच्या मे महिन्यात तुम्ही शाल घातलीत. ती अंगावर ठेवूनच बोलतो, म्हणजे मी लवकर आटपेन अशी अध्यक्षांना आशा राहील.

आधी एक जुनं दुखणं. आपल्या गावात मुंबई-आग्रा, सुरत-नागपूर आणि सोलापूरकडचा, असे तीन महामार्ग भेटतात. इथल्या पोराला अक्षरओळख व्हायच्या आधी पाना-पक्कड ओळखता येते. तरी आठवड्याला एक जण गॅरेजात येतोच, “भाऊ, मारुती एट हंड्रेडची चासी मजबूत करून द्या.” अहो, एट हंड्रेडला चासी आहे कुठे? जिप्सीला आहे. दोन लांब बीम, मध्ये आडवे तुकडे, शिडी जमिनीवर निजवल्यासारखी. एट हंड्रेड म्हणजे पत्र्याचा डबा. पत्र्याला घड्या घालून, जागोजागी स्पॉट वेल्ड मारून त्या डब्यालाच ताकद दिलेली असते. हे अर्धा तास समजावलं की तो मान डोलावतो आणि विचारतो, “बरं, पण बार क्रोमचाच ना?”

हसू नका, मीही त्यातलाच होतो. माझी पहिली प्रोजेक्ट कार म्हणजे मामांनी टाकून दिलेली 1991 ची एट हंड्रेड. रोल बार कुठल्या तरी मासिकात पाहिला होता. पाइप शोधायला लांब जावं लागलं नाही, शेतातल्या बोअरचा दीड इंची जीआय पाइप उरला होता. दीड इंची म्हणतात, पण बाहेरून मोजला तर 48 मिलिमीटर भरतो. मी खूष! रेसवाल्यांचा 45 चा, आपला 48 चा. वाळू भरून, भट्टीत लाल करून वाकवला. वळणाच्या आतल्या अंगाला अशा सुरकुत्या पडल्या, की पोळ्याच्या बैलाची मान बघावी.

मग रात्री, दार लावून, आर्क वेल्डिंग. जीआयवर जस्ताचा थर असतो आणि त्याचा पांढरा धूर होतो हे ठाऊक होतं. तो नाकात गेला तर काय होतं हे ठाऊक नव्हतं. पहाटे हुडहुडी भरली, तोंडात गोड-लोखंडी चव. आईनं मलेरिया ठरवला, काढा पाजला, वर दोन गोधड्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताप आला तसा गेला. आई आजही श्रेय काढ्याला देते. गॅरेजातले म्हणाले, “वेल्डिंगच्या आधी गूळ खायचा असतो.” गुळाला माझी हरकत नाही, पण जस्त घासून काढणं आणि दार उघडं ठेवणं याला तो पर्याय नाही.

बार बसला. पाइपाचं तोंड सरळ फ्लोअरच्या पत्र्यावर टेकवून गोल वेल्ड मारला होता. महिन्याभरात चोपड्याकडे एका शेतरस्त्यावर पाऊस पडून गेलेला. काळी माती ओली झाली की तिच्यावर चाक काय, कोंबडीसुद्धा घसरते. वेग सायकलचा असेल. गाडी डावीकडे चारीत कलंडली आणि छताची डावी कड बांधावर आपटली. पट्टा लावलेला होता, मला काही झालं नाही. ट्रॅक्टरवाल्यानं आत वाकून पाहिलं आणि विचारलं, “हाई काय शे भाऊ? गाडीमा पाणीनी लाईन?”

घरी आणून पाहतो तर बारला ओरखडासुद्धा नाही. त्याचा डावा पाय मात्र फ्लोअर फाडून चार बोटं खाली उतरलेला. भेंडी कापतो तसा पत्रा कापला होता त्या पाइपानं. त्या तोंडाचं क्षेत्रफळ मी नंतर मोजलं, जेमतेम साडेचार चौरस सेंटिमीटर.

आपली जुनी धाब्याची घरं आठवा. डोक्यावर मातीचं टनावारी ओझं, खाली सागाचे खांब. खांब कधी नुसता मातीत उभा केलेला पाहिलात? खाली तळखडा असतो, खांबाचा भार पसरवणारा सपाट दगड. घर पाडणारे सागाचे खांब आधी विकतात आणि तळखडे उकिरड्यावर टाकतात, ही आपली अक्कल. मी गाडीत तेच केलं होतं. खांब झकास, तळखडा गायब.

आता हे दोन तुकडे पुढे पाठवा. जळगावचा पीव्हीसी पाइप आहे, घाबरू नका. एक अख्खा, दुसऱ्याला हॅक्सॉनं लांबीत एक चीर दिलीय. दोन्ही पिळून बघा. चिरेचा पिळतोय ना ओल्या फडक्यासारखा? माप तेच, प्लास्टिक तेच. लोखंडाचं गणित सांगतो. 45 बाय अडीच मिलिमीटरचा पाइप असा चिरला तर पिळाला होणारा विरोध दोनशे पटींहून जास्त घटतो. दाराखालचं सिल हा असाच बंद पाइप आहे. गंजून त्याची खालची शिवण सुटली की तो चिरलेला पाइप झाला. मग त्यावर कितीही बार...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. ठीक आहे, जो विषय छापलाय तो आता सांगतो.

आधी कार्पेट उचला, गंज कापा, सिल बंद करा. पाइप सीमलेस, म्हणजे बिनसांध्याचा, आणि कोल्ड ड्रॉन, म्हणजे न तापवता ओढून केलेला. एफआयए या मोटार शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या नियमात मुख्य कमानीला 45 बाय 2.5 किंवा 50 बाय 2 मिलिमीटर. बेंडरवर वाकवा, वळणाची त्रिज्या व्यासाच्या किमान तिप्पट. प्रत्येक पायाखाली किमान 3 मिलिमीटरची, 120 चौरस सेंटिमीटरची प्लेट पत्र्याला वेल्ड, तीच आपला तळखडा. जमेल तर ती वाकवून सिलच्या उभ्या बाजूवरही चढवा. बोल्टचा बार असेल तर पायाला किमान तीन बोल्ट, एम 8 म्हणजे 8 मिलिमीटर जाडीचे, ताकदीची ग्रेड 8.8. मागच्या तिरक्या दांड्या हव्यातच, नाहीतर कमान मागेपुढे झोपते.

पत्र्याच्या जोडांना मिगनं, म्हणजे तारेच्या गॅस वेल्डिंग मशीननं, इंचभर वेल्ड, थोडी जागा सोडून पुन्हा इंचभर. सलग ओढलात तर पत्रा तापून नाचतो. बॅटरी सोडा, पेट्रोलची नळी दूर करा. आणि गाडी सपाट जमिनीवर, चाकांवर उभी ठेवून वेल्ड करा. एका जॅकवर लोंबकळत केलीत तर तो पीळ कायमचा शिवला जातो, मग दार लागत नाही आणि गिऱ्हाईक गॅरेजातून जात नाही.

डोक्याजवळच्या पाइपावर पॅडिंग. हेल्मेटशिवाय पूर्ण केज, म्हणजे चहूबाजूंनी पाइपांचा पिंजरा, म्हणजे कपाळाजवळ पहार टांगून फिरणं. आणि हो, रस्त्यावर नको. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करू देत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर दर फेरफाराला 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ट्रॅकची गाडी ट्रेलरवरूनच न्या.

झालंच. ते पाइपाचे तुकडे कुठवर गेले? चिरेचा परत आलाय, अख्खा कुणाकडे आहे? मागच्या रांगेत बघा जरा. द्या भाऊ, उद्या अमळनेरला हेच बोलायचंय.